आईचं नाव शेवटच्या परिच्छेदात होतं

वाचकाचं पत्र:

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यासाठी तीन वर्षांपासून दर महिन्याला आठ पानांची पत्रिका काढतो. चारशे प्रती. खर्च पेन्शनमधून, वाटप फुकट. दिवाळी अंक, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, व्हॉट्सॲप, जिथं चांगलं दिसेल तिथून वेचून घेतो. नाव माहीत असेल तर टाकतो, नसेल तर ‘संकलित’ किंवा ‘साभार’. मागच्या महिन्यात गडहिंग्लज भागातल्या एका बाईंचा आईवरचा लेख घेतला. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं. जागेअभावी शेवट कमी केला. खाली नेहमीप्रमाणे ‘संकलन’ आणि माझं नाव. कट्ट्यावरच्या तिघाचौघांनी फोन करून ‘आईवर फार सुंदर लिहिलंय’ म्हणून कौतुक केलं. आता त्या बाईंनी साहित्यिक मंडळींच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो टाकून मला वाङ्मयचोर म्हटलंय. आधी मला विचारायचं तरी! (अनोळखी नंबरवरून दोनदा फोन येऊन गेला होता, पण तसले फोन मी उचलत नाही.) लोक वाट्टेल ते लिहितायत. आठ दिवस झाले, रंकाळ्यावर फिरायला गेलो नाही. एका पैशाची कमाई नाही, पदरचे पैसे घालून चांगलं साहित्य लोकांपर्यंत नेलं, ही चोरी कशी? नातू म्हणतो, ‘आजोबा, नाव टाकलं असतं तर काही झालं नसतं.’ ते खरं का? पत्रिका बंद करू का?
(नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर:

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सोबत पाठवलेली दोन पानंही वाचली. एक पत्रिकेचं छापील पान, दुसरी तुमच्याकडे आलेल्या मूळ मजकुराची प्रिंट. ती प्रिंट तुम्ही आपणहून जोडलीत. मनात खोट असलेला माणूस ती जोडत नाही. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहिते.

ती दोन पानं एकदा शेजारी ठेवून बघा. मी काल रात्री तेच केलं. लेख गुऱ्हाळावर कामाला जाणाऱ्या आईचा आहे. पहाटेच्या अंधारात भाकरीचं गठुळं घेऊन निघणारी, दिवसभर चिपाडं वाळत घालणारी, चुलवाणाच्या धगीनं पदराचं टोक करपलेली बाई. काहिलीतल्या रसावर नजर ठेवणाऱ्या गुळव्याचं सगळे कौतुक करतात, ढेपेवर मालकाचं नाव लागतं, आणि हजेरीच्या वहीत आईच्या नावाऐवजी नुसतं ‘बाई १’ लिहिलेलं असतं. इथवरचं सगळं तुम्ही छापलंय. पुढं शेवटच्या परिच्छेदात लेक म्हणते, त्या वहीत जे नाव कधी लिहिलं गेलं नाही ते आज मी लिहिते. आणि ती आईचं पूर्ण नाव लिहिते. अकरा ओळींचा परिच्छेद आहे. जागेसाठी तुम्ही नेमका तोच कापलात.

ते नाव मीही इथं लिहीत नाही. कुठं छापायचं ते लेकीनं ठरवायचं.

आता पानाचा तळ बघा. शीर्षकाखाली लेखकाचं नाव असतं ती जागा मोकळी आहे. लेख संपतो तिथं उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ओळ आहे: ‘संकलन’, आडवी रेघ, आणि तुमचं नाव. पान लावणाऱ्या मुलानं ‘संकलन’ हा शब्द बारीक टाइपात ठेवलाय आणि नाव दुप्पट मोठं केलंय. मराठी वाचकाची नजर लेखाच्या शेवटी नाव शोधते, तिला तिथं तुमचं नाव सापडतं. कट्ट्यावरच्या तिघाचौघांना ते तसंच सापडलं, म्हणून त्यांनी ‘आईवर फार सुंदर लिहिलंय’ असं तुम्हाला सांगितलं. गुरुजी, त्या फोनवर तुम्ही काय म्हणालात? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. ‘अहो, तो लेख माझा नाही’ असं म्हणाला असाल तर फार चांगलं. नसाल म्हणाला, तर चूक कुठं झाली ते शोधायला लांब जावं लागणार नाही. पान छापताना झाली ती चूक होती. कौतुक ऐकून गप्प राहिलात, तिथं ती तुमची झाली. हे तुम्हाला लागेल, मला माहीत आहे. पण दुसरं कुणी तुम्हाला हे सांगणार नाही. ग्रुपवरचे लोक शिव्या देतील आणि घरचे लोक समजूत घालतील.

नातवाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नाव टाकलं असतं तर ‘चोर’ हा शब्द आला नसता. पण ‘काहीच झालं नसतं’ हे खरं नाही. श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्या सर्रास एकच समजल्या जातात. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून, किंवा आपलं वाटेल अशा रीतीनं पुढं ठेवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. नाव व्यवस्थित दिलं पण न विचारता अख्खा लेख छापला, तर चौर्य म्हणता येणार नाही, स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, भंग मात्र होतोच. तुमच्या हातून दोन्ही झालंय. पहिलं नकळत, दुसरं तीन वर्षं दर महिन्याला.

‘साभार’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात तो मोठ्या विश्वासानं आलाय. साभार म्हणजे आभारासहित. आभार मानायचे तर कुणाचे, ते माहीत पाहिजे. ‘साभार – व्हॉट्सॲप’ असं छापतो तेव्हा आपण टपालाचे आभार मानतो, पत्र लिहिणारा राहूनच जातो. ‘कवी अज्ञात’ याचंही तसंच. कवी त्याच्या घरी, त्याच्या गावात चांगला ज्ञात असतो. आपण शोध घेतलेला नसतो.

कायद्याचं थोडं सांगते. तुम्हाला भीती घालायला नव्हे, ‘फुकट वाटतो म्हणजे चालतं’ हा समज जावा म्हणून. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला. लेख लिहून झाला की हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, ‘सर्व हक्क स्वाधीन’ असं छापावं लागत नाही. नाव गळून मजकूर हजार फोनमधून फिरला, तरी हक्क गळत नाही. कलम ५७ नुसार लेखन आपलं आहे असं सांगण्याचा आणि त्याची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाध आणणाऱ्याला अडवण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, अगदी त्यानं बाकीचे हक्क प्रकाशकाला विकले असले तरी. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितलाय. धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. तुमच्या फुकट वाटपाला कायद्यात जागा आहे ती एवढीच. शिक्षा सौम्य होऊ शकेल, केलेलं काम त्यानं रीतसर होत नाही.

‘शंभर शब्दांपर्यंत घेतलं तर चालतं’, ‘दहा टक्के चालतं’ असंही कट्ट्यावर कुणी सांगेल. असा आकडा आपल्या कायद्यात नाही. परीक्षण लिहिताना, टीका करताना, लेखकाचं नाव सांगून चार ओळी उद्धृत करणं कलम ५२ मध्ये बसतं. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक विषयांवरचे लेख नियतकालिकात पुन्हा छापण्यालाही तिथं एक सवलत आहे, लेखकानं हक्क राखून ठेवला नसेल तर. गुऱ्हाळावर राबलेल्या आईवरचा ललित लेख यातल्या कशातच बसत नाही.

त्या बाई कोर्टात गेलेल्या नाहीत. कदाचित जाणारही नाहीत. उद्या वकिलाची नोटीस आलीच तर स्वतः उत्तर लिहीत बसू नका, वकिलाकडे जा. पण आज तुमच्यापुढचा प्रश्न कायद्याचा कमी आणि माणसाचा जास्त आहे.

‘आधी मला विचारायचं तरी,’ असं तुम्ही लिहिलंत. हेच वाक्य त्यांच्या तोंडी घालून बघा. आणि कंसात टाकलेले ते दोन फोन. ते त्यांचेच होते असं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण पत्रिकेच्या शेवटच्या पानावर तुमचा नंबर छापलेला आहे, आणि ग्रुपवर फोटो पडायच्या आधीच ते फोन येऊन गेले. फोनमधल्या तारखा काढून बघा. विचारण्याचा प्रयत्न झाला होता, असं मला वाटतं.

ग्रुपवर लोकांनी तुमच्या पेन्शनवर, वयावर, पेशावर जे लिहिलं, ते मला मान्य नाही. लेखाच्या चुकीसाठी माणसाचं अख्खं आयुष्य धोपटायचं काही कारण नव्हतं. तरी त्या दोन गोष्टींची गल्लत करू नका. शंभर लोक वाईट बोलले म्हणून मूळ तक्रार खोटी पडत नाही. त्या शंभरांना उत्तर देणं लागत नाही. ज्या एकीचा लेख होता तिला देणं लागतं.

एक जुनी गोष्ट सांगते, माझ्या हातून घडलेली. नव्वदच्या आसपास मी कोल्हापुरातल्या एका साप्ताहिकात पानं लावायचे. तेव्हा मजकुराच्या पट्ट्या ब्लेडनं कापून पानावर चिकटवायच्या. एका कवितेखालची नावाची पट्टी सुकून निघाली आणि कुठंतरी पडली. माझ्या लक्षात आलं नाही. कविता बिननावाची छापली गेली. तिसऱ्या दिवशी राधानगरी भागातले एक शिक्षक एसटीनं आले. हातात अंकाची घडी. गावात वाटायला त्यांनी आधीच वीस अंक सांगून ठेवले होते. ते चिडले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, ‘बाई, गावात कुणाला पटंना, कविता माझी हाय म्हणून.’ मी माफी मागितली. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली, दोन ओळी, बारीक टाइपात. कविता गेली होती पहिल्या पानावर चौकटीत. त्यांनी आमच्याकडे पुन्हा कधी कविता पाठवली नाही. पट्टी पडली हा अपघात होता, असं मी स्वतःला समजावू शकते. दुरुस्ती कोपऱ्यात छापली, तो अपघात नव्हता. इतक्या वर्षांनी मला ती दुरुस्तीच जास्त टोचते.

आपल्या मातीत हे भांडण नवं नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपलं नाव गुंफतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. वारकऱ्यांच्या तोंडातून तोंडात जाताना अभंग कुणाचा ते हरवू नये, हेही काम ती नाममुद्रा करते. एवढं असूनही सतराव्या शतकात तुकोबांना सालोमालोंविरुद्ध अभंग लिहावा लागला. हे सालोमालो स्वतःला हरीचे दास म्हणवायचे आणि संतांची वचनं मोडून ती आपली म्हणून मिरवायचे. सगळं विठ्ठलाचं म्हणणाऱ्या, धनदौलतीवर पाणी सोडलेल्या माणसालाही आपले शब्द दुसऱ्याच्या नावानं फिरलेले सहन झाले नाहीत. तेव्हा गडहिंग्लजच्या एका बाईनं रागावू नये, अशी अपेक्षा आपण कशी करायची?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तुमच्या बाबतीत मला अधिक जवळचं वाटतं, कारण तिथंही आई आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात, आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एकजण ते उतरून घेत. १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली ती आईच्या नावावर. त्या कवीनं त्यातली चार गाणी आपल्या संग्रहात घातली असती तर कुणाला कळलं असतं? संकलन करणाऱ्यानं कुठं उभं राहायचं असतं, ते मला या वहीतून कळतं. गडहिंग्लजच्या लेकीनंही तेच केलं होतं, आईचं नाव लिहिलं होतं.

पैशाबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंत म्हणून आणखी एक. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. त्या दिवसांत आपल्या चप्पल लाइनीत, चपलांच्या बाजारात, ‘किंमत किती लावली’ यापेक्षा ‘नाव का घेतलं नाही’ हेच जास्त ऐकू येत होतं. पुढं कंपनीनं या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतली आहे असं मान्य केलं आणि त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. तिथला कायदा वेगळा, भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे एखाद्या भागाच्या खास वस्तूचं नाव जपणारा. पण तेव्हा तुम्हालाही राग आला असणार, आणि त्या रागात पैशाचा हिशेब नव्हता.

आता काय करायचं ते.

पहिलं काम, फोन. मेसेज नको, ग्रुपवर खुलासा नको, कुणाला मध्यस्थी घालू नका. स्वतः फोन करा आणि एवढंच बोला: ‘मी शिवाजी पेठेतून बोलतोय, पत्रिका काढणारा. तुमचा लेख मी न विचारता छापला, तुमचं नाव दिलं नाही, शेवटचा परिच्छेद कापला आणि खाली माझं नाव आलं. हे माझं चुकलं. माफी मागायला फोन केलाय. मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ आणि मग थांबा. ‘पण माझा हेतू’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘नाव नव्हतं हो त्यावर’ हेही नको. पेन्शनचा उल्लेख नको. त्या रागावून बोलतील, ते ऐकून घ्या. त्या फोन ठेवून देतील, तर हेच चार वाक्यांत लिहून पाठवा आणि वाट बघा.

उरलेल्या प्रती आजच थांबवा. कट्ट्यावर, वाचनालयाच्या टेबलावर, चहाच्या गाड्यावर जिथं गठ्ठा ठेवला असेल तिथून उचलून आणा.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात, चौकटीत. मजकूर असा असू द्या: ‘मागील अंकात या पानावर आलेला आईवरील लेख अमुक यांचा आहे. तो त्यांच्या परवानगीशिवाय, त्यांच्या नावाशिवाय आणि शेवटचा परिच्छेद गाळून छापला गेला. लेखाखाली संपादकाचं नाव आल्यानं तो संपादकाचा आहे असा समज झाला. लेखिकेची आणि वाचकांची मनःपूर्वक माफी.’ छापण्याआधी हा मजकूर त्यांना दाखवा, आणि त्यांचं नाव छापलेलं त्यांना चालेल का तेही विचारा. ‘अनवधानानं’ हा शब्द घालायचा मोह होईल, तो घालू नका. संपूर्ण लेख पुन्हा छापू का, असं विचारा, पण गळ घालू नका. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर नाही. ‘हो’ म्हणाल्या तर अकराच्या अकरा ओळी छापा, मग दुसरं काय वाट्टेल ते वगळावं लागू दे. मानधन विचारून द्या, पाचशे रुपये का असेनात. त्या घेणार नाहीत कदाचित. तरी विचारा.

कौतुकाचे फोन आले होते त्या तिघाचौघांना तुम्हीच फोन करा आणि लेख कुणाचा होता ते सांगा. हा भाग सगळ्यात जड जाईल. रंकाळ्यावर पुन्हा जायची वाट मला तरी यातूनच दिसते.

हे सगळं झाल्यावर ग्रुपवर एकच निवेदन पाठवा, दुरुस्तीचाच मजकूर. त्यानंतर तिथं एक शब्दही लिहू नका, कुणी काहीही म्हणो.

मग एखाद्या दुपारी गेल्या तीन वर्षांचे छत्तीस अंक काढून लाल पेन घेऊन बसा. जिथं लेखकाच्या जागी तुमचं नाव पडलंय ती पानं आधी. मग जिथं मजकूर कापलाय ती. मग ‘साभार’ आणि ‘संकलित’. ज्यांचा पत्ता लागेल त्यांना लिहा. सगळे सापडणार नाहीत. जेवढे सापडतील तेवढे.

पत्रिका बंद करू नका. रागानं बंद केलीत तर लोक म्हणतील पकडले गेले म्हणून बंद केली, आणि चारशे घरांतलं वाचन मात्र थांबेल. ती वेगळ्या पद्धतीनं काढा. परवानगी मागणं तुम्हाला अवघड वाटत असेल, पण माझा अनुभव उलटा आहे. चारशे ज्येष्ठ वाचक तुमचा लेख वाचणार आहेत असं कळवलं तर बहुतेक लेखक खुशीनं ‘हो’ म्हणतात. विचारलंच नाही, याचा त्यांना राग असतो. पाच ओळी पुरतात: तुम्ही कोण, कुठला लेख, किती प्रती, विक्री नाही, मजकुरात बदल करणार नाही, नाव शीर्षकाखाली येईल, अंक घरपोच पाठवू. फोनवर होकार मिळाला तरी मागाहून दोन शब्दांचा लेखी होकार मागून घ्या, मेसेजवर आला तरी हरकत नाही. दिवाळी अंकातला लेख असेल तर संपादकांकडून लेखकाचा पत्ता मिळतो. पुरवणीतला लेख पगारी पत्रकाराचा असेल तर वर्तमानपत्रालाच विचारावं लागेल. बाहेरून लिहिणाऱ्याचा असेल तर लेखकाला विचारा आणि वर्तमानपत्रालाही कळवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या बिननावी मजकुराच्या मधली एखादी वेगळी ओळ जशीच्या तशी गुगलवर शोधा. पुष्कळदा दोन मिनिटांत लेखक सापडतो. नाही सापडला तर छापू नका. आणि नाव असलं तरी जरा थांबा. पु. लं.च्या, व. पुं.च्या नावानं त्यांनी कधीच न लिहिलेलं किती फिरतं, ते तुम्ही रोज बघत असाल.

कुणालाही न विचारता छापता येईल असंही मराठीत पुष्कळ आहे. लेखक वारल्यानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. नंतर ते लेखन सगळ्यांचं. महात्मा फुले १८९० मध्ये गेले, केशवसुत १९०५, बालकवी १९१८, गडकरी १९१९ मध्ये. आपल्या राजाराम कॉलेजात शिकवणारे माधव जूलियन १९३९ मध्ये. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं. पण कोल्हापूरचे म्हणून वि. स. खांडेकरांना हात लावाल तर थांबा. ते १९७६ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहे. ना. सी. फडक्यांचा २०३८ पर्यंत. रणजित देसाई, शिवाजी सावंत, आनंद यादव तर फारच पुढं. संतांचे अभंग मोकळे आहेत, त्यांवर आजच्या अभ्यासकानं लिहिलेला अर्थ मात्र त्या अभ्यासकाचा. भाषांतराचंही तसंच, मूळ मोकळं असलं तरी भाषांतरकाराला विचारावं लागतं. मोकळं लेखन छापतानाही शीर्षकाखाली लेखकाचं नाव घाला. आणि तुमचं नाव पहिल्या पानावर, पत्रिकेच्या नावाखाली, ‘संपादक’ म्हणून. ते तुम्ही कमावलंय, ते तिथं शोभतं.

दोन पानं कट्ट्यावरच्या माणसांसाठी ठेवाल का? शाहू मिलच्या भोंग्यावर उठलेली, खासबागेत कुस्त्या बघत मोठी झालेली माणसं रोज तुमच्या शेजारी बसतात. त्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही ऐका आणि लिहून घ्या. शीर्षकाखाली त्यांचं नाव, आणि शेवटी बारीक टाइपात ‘शब्दांकन’ म्हणून तुमचं.

त्या बाईंचा नंबर शोधत बसावं लागणार नाही. न उचललेल्या फोनच्या यादीत असेल. त्या शाळेत नोकरीला आहेत असं मूळ लेखाच्या मजकुरावरून दिसतं. संध्याकाळी सहानंतर करा.